ग्रहण सुटल्यावरची आंघोळ

मी भोचक आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. लहानपणी शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे मला ठाऊक असायचं, आणि त्यावरून आज त्यांच्याकडे पाहुणे आलेत का, हेही. आई म्हणायची, नको तिथं नाक खुपसतेस, एक दिवस कापलं जाईल. नाक शाबूत राहिलं आणि मी धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नियंत्रण अभियांत्रिकी शिकवायला लागले. हा विषय म्हणजे सरकारमान्य भोचकपणाच. टाकीत पाणी किती, पाइपात दाब किती, पंप तापला का, हे सारखं विचारत बसायचं आणि उत्तर येईल तसा यंत्राला हुकूम सोडायचा.

मध्यंतरी वरच्या मंडळींना नवं वेड लागलं. एका विषयाच्या संशोधनाला अनुदान नाही, वेगवेगळ्या शाखांची माणसं एकत्र आली तरच मिळेल. अडला हरी गाढवाचे पाय धरी, या न्यायानं आम्ही तिघी एकमेकींना सापडलो. यातला हरी कोण आणि गाढव कोण, यावर अजून एकमत झालेलं नाही.

विधी जळगावची, कामगार कायदा शिकवते. घरी पिढ्यान्‌पिढ्या कापडाचं दुकान, त्यामुळे समोरच्याचं बोलणं ती कापड पारखावं तसं उलटसुलट करून बघते. हेमांगीही जळगावचीच, स्त्रीरोगतज्ज्ञ. स्वभावानं मवाळ, पण हातात प्रश्नावली नसेल तर तिला माणसाशी काय बोलावं ते सुचत नाही. पहिल्या बैठकीत तिघींनी आपापलं सांगितलं आणि कुणालाच कुणाचं काही कळलं नाही. शेवटी जेवायला गेलो, शेवभाजी मागवली, आणि नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर तिखट खाता खाता विषय सापडला.

तापीवरून एका शहराला पाणी जातं. शहराचं नाव लिहीत नाही, कारण ठेकेदाराकडे वकील आहेत आणि वकिलांना वाचायला वेळ असतो. त्या योजनेच्या पंपहाऊसवर नवी स्वयंचलित यंत्रणा बसली, तेव्हा ठेकेदारानं पडद्यासमोर बसायला आयटीआय झालेल्या मुली घेतल्या. मुली शांत बसतात, तंबाखू खात नाहीत आणि पगार वाढवून मागत नाहीत, असं त्याचा मॅनेजर मला कौतुकानं म्हणाला होता. मला त्या यंत्रणेत रस होता, विधीला मुलींच्या करारात आणि हेमांगीला त्यांच्या तब्येतीत. पंपहाऊसवर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, म्हणून सगळ्या शहराला पाणी पाजणाऱ्या या मुली दिवसभर घोटभरही पाणी पीत नाहीत, हे हेमांगीनं पहिल्याच दिवशी शोधून काढलं. ते ऐकून मी स्वतःवरच चिडले. मी त्या खोलीत तीनदा जाऊन आले होते आणि मला फक्त पंप दिसले होते.

त्यातली एक सारिका. माहेर वरणगावचं, नवरा भुसावळला ठेक्यावर कामाला, आणि घरात नेमानं येणारा पगार हिचाच. कमी बोलायची, पण तुम्ही बोलत असलात की टक लावून ऐकायची. मी पॅनेलला एक छोटं यंत्र जोडलं होतं. कोणता अलार्म कधी वाजला आणि माणसानं त्याचं बटण कधी दाबलं, याची ते नोंद ठेवायचं. ते कसं चालतं हे फक्त सारिकेनं विचारलं. मी इतकी खूश झाले की तिची चहाची सुट्टी खाऊन तिला सगळं समजावलं.

फाल्गुनातल्या पौर्णिमेला ग्रहण आलं. चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला. आमच्याकडे ग्रहण म्हणजे काय ते सांगायला नको. शिजवलेल्या अन्नात तुळशीचं पान, साठवलेलं पाणी ओतून द्यायचं, आणि सुटलं की घरातल्या यच्चयावत माणसांनी आंघोळ करायची. माझ्यासारख्या विज्ञान शिकवणारीलाही आईनं त्या संध्याकाळी न्हाणीघरात ढकललं होतं. मी तिथून ओरडून तिला पृथ्वीच्या सावलीबद्दल सांगत होते आणि ती बाहेरून म्हणत होती, डोक्यावरून घे, डोक्यावरून.

दिवेलागणीला ग्रहण सुटलं आणि सगळं शहर एकदम आंघोळीला बसलं. घरोघरी हंडे रिकामे झालेले, तेही भरायला लागले. जलकुंभातलं पाणी झरझर खाली गेलं. यंत्राला रोजची सवय ठाऊक, पंचांग ठाऊक नाही. पाणी संपत आलं एवढंच त्याला दिसलं, त्यानं अलार्म वाजवला आणि वाट पाहून दुसरा पंप एकदम सुरू केला. जुन्या पाइपाला तो धक्का सोसला नाही. बाजारपेठेतल्या चौकात मुख्य जलवाहिनी फुटली, दुकानांत पाणी शिरलं, आणि पुढे कित्येक दिवस त्या शहरात नळाला थेंब आला नाही. अशा वेळी पॅनेलवरच्या माणसानं यंत्राकडून कारभार आपल्या हातात घ्यायचा असतो आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडत न्यायचा असतो. त्या संध्याकाळी पॅनेलवर ड्यूटी सारिकेची होती. अलार्म वाजत राहिला आणि बटण कुणीच दाबलं नाही.

ठेकेदारानं तिला पुढच्या आठवड्यात काढून टाकलं.

आम्हाला हे कळलं ते चैत्र सरता सरता. सारिका विधीकडे गेली तेव्हा ती पोटुशी असल्याचं दिसायला लागलं होतं. ग्रहणाच्या वेळी तिला चौथा चालू होता. पाचवा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, नजर लागते, असं तिच्या आईनं बजावलं होतं, आणि एकदा वाईट अनुभव आल्यामुळे तिनं ते कसोशीनं पाळलं होतं. हेमांगीच्या प्रश्नावलीत ‘सध्या गरोदर आहात का’ या प्रश्नापुढे तिनं चक्क ‘नाही’वर खूण केली होती. स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या तीन बायका तिच्यासमोर बसल्या होत्या आणि आम्हाला काही कळलं नव्हतं!

विधीनं मला कायदा समजावला. गरोदर बाईला कामावरून काढता येत नाही. फक्त तिच्या हातून फार मोठं गैरवर्तन झालं असेल तरच.

“म्हणजे दोन गोष्टी,” ती म्हणाली. “एक, पॅनेल सोडून जाणं हे तिचं गैरवर्तन होतं का. दोन, मालकाला ती गरोदर आहे हे माहीत होतं का. तो म्हणणार, आम्हाला माहीतच नव्हतं, निष्काळजीपणा केला म्हणून काढलं. हे टिकलं तर नोकरीही गेली आणि बाळंतपणाची पगारी रजाही.”

“आणि नाही टिकलं तर?”

“तर दोन्ही मिळेल. पण तुझं यंत्र काय सांगतं, नूतन?”

माझं यंत्र काय सांगणार? खुर्ची रिकामी होती असंच सांगत होतं. मी पुनःपुन्हा तपासलं. अलार्म वाजल्यापासून पाइप फुटेपर्यंत जाणत्या माणसाला सावरायला पुरेसा अवकाश होता. मॅनेजरला माझ्या नोंदी हव्याच होत्या, त्यानं मला मधाचं बोट लावून पाहिलं, पुढच्या प्रकल्पाला परवानगी वगैरे. मी त्याला हाकललं, पण कामगार अधिकाऱ्यांनी विचारलं तर मला खोटं सांगता येणार नव्हतं. सारिकेची चहाची सुट्टी खाऊन जे यंत्र मी तिला शिकवलं, तेच तिच्या मुळावर येणार होतं. मला रात्री झोप लागेना, आणि मला झोप न लागणं म्हणजे घरातल्या कुणालाच न लागणं.

जळगावला कामगार अधिकाऱ्यांसमोर पहिली तारीख झाली. अधिकारी शांत, वयस्क गृहस्थ होते. त्यांनी सारिकेला विचारलं, “बाई, अलार्म वाजला तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“मागच्या खोलीत,” ती म्हणाली.

“पॅनेल सोडून?”

“हो.”

“का?”

तिनं मान खाली घातली आणि पुढे एक शब्द बोलली नाही. मॅनेजरनं खुर्चीत मागे टेकून घेतलं. विधीनं तिला दोनदा पाण्याचा पेला दिला, दोनदा तिनं तो रिकामा केला, पण तोंड उघडलं नाही.

बाहेर आल्यावर विधी तिच्यावर तडकली. सारिका रडली नाही, उलट तिनं विधीलाच विचारलं, “ताई, तुम्ही जेवल्या का?” मला मात्र एव्हाना खाज सुटली होती. इतक्या शहाण्या मुलीनं, जिला अलार्म का वाजतो हे माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं कळतं, तिनं पॅनेल सोडलंच का? आणि सोडलं तर सांगत का नाही? मला उत्तर सापडत नाही तोवर जेवण गोड लागत नाही, आणि मी जेवणारी बाई आहे.

म्हणून मी एकटीच पंपहाऊसला गेले. मे महिना, ऊन असं की नदीकडे बघवेना. तिथले सुपरवायझर अभिमन नाना मोटारींजवळच्या सावलीत कांदा-भाकर खात बसले होते. जवळच्याच गावचे, जुने फिटर. साऱ्या मुलींना ते माय म्हणून हाक मारायचे, आणि सारिकेला इथं चिकटवली तीही त्यांनीच. मला बघून त्यांनी अर्धी भाकर पुढे केली. मी नको म्हटलं नाही.

इकडचं तिकडचं झालं. बोलता बोलता मी म्हटलं, “नाना, ग्रहणाच्या दिवशी आईनं मला डोक्यावरून आंघोळ करायला लावली. तुम्ही पाळता का हो हे सगळं?”

“पायतस ना!” ते उत्साहानं म्हणाले. “गिरानमा मी इकडनं तिकडे व्हत नही. सुटेपर्यंत खुर्चीवर बसनू, जप करत ऱ्हायनू. सुटनं तसं हौदवर जाईसन आंग धवं.”

मी घास तसाच तोंडात धरला. “कुठल्या खुर्चीवर, नाना?”

पंपहाऊसमध्ये खुर्ची एकच आहे. पॅनेलसमोरची. बाकी सगळे लोखंडी बाकावर नाहीतर पोत्यावर बसतात, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. नानांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी भाकर खाली ठेवली आणि हात धोतराला पुसले.

“मॅडम, तुम्हनं नाक भलतंच लांब शे,” ते म्हणाले.

“मला माहीत आहे.”

“मीच उठाडं तिले. म्हनं, ऊठ माय, मांगे जाईसन बस, कोठेच हात लावू नको. मी बसस तुन्ही जागावर.”

“का? तिनं सांगितलं होतं तुम्हाला?”

“तिनी काय सांगाव! चहाना वास उना का ती भाईर जाये. माले कळनं. मना घरमा बी बायका शेतस.”

मग सगळं सरळ होतं. ग्रहण लागलेलं असेतोवर नाना पॅनेलवर बसले. ग्रहण सुटलं, तसे ते आंघोळ केल्याशिवाय कशाला शिवेनात म्हणून हौदावर गेले. सारिकेनंही तेच केलं, मागच्या खोलीत बादली घेऊन. सगळं शहर ज्या घटकेला डोक्यावर पाणी ओतत होतं, नेमक्या त्याच घटकेला ते पाणी सांभाळणारी दोन्ही माणसंही डोक्यावर पाणीच ओतत होती. मला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण नाना हसत नव्हते.

“मनं नाव सांगू नका,” ते म्हणाले. “मी बी ठेकावरच शे. काढी टाकतीन. या वयमा माले कोन ठेई?”

मी त्यांची भाकर खाल्ली होती. नुसतं उठले आणि बसथांब्यावर जाऊन उभी राहिले.

विधीला फोनवर सांगितलं तर ती जवळजवळ किंचाळली. “नूतन, सुपरवायझर म्हणजे कंपनीचाच माणूस! त्याला माहीत होतं म्हणजे मालकाला माहीत होतं. आणि त्यानं उठवलं असेल तर गैरवर्तन कसलं? एका वाक्यात दोन्ही गोष्टी सुटतात!”

“आणि तो माणूस?”

तिचा आवाज खाली आला. मग ती म्हणाली, “त्याच्यासाठीही भांडू. पण त्याला जबरदस्तीनं आणायचं नाही, हे मला कळतं. मी वकिली शिकवते, कसाईपणा नाही.”

सारिकेला विचारलं तर ती म्हणाली, “नानांनी मला कामाला लावलं, ताई. त्यांचं नाव माझ्या तोंडून येणार नाही. उद्या पोराला काय सांगू, तुझ्या रजेसाठी म्हाताऱ्याची भाकर काढली म्हणून?” हेमांगीनं तिचा रक्तदाब मोजला. तो वाढलेला होता. “हिला आत्ता खाणं हवं आणि झोप हवी,” हेमांगी मला बाजूला घेऊन म्हणाली, “आणि ही दोन्ही सोडून बसलीय. हे असंच चाललं तर मला हिची काळजी वाटते.” नोकरी गेल्यापासून सारिकेनं दूधही बंद केलं होतं. मला सारिकेचा राग आला, नानांचा आला, आईच्या तुळशीच्या पानाचाही आला.

दुसऱ्या तारखेला आम्ही गेलो तेव्हा आमच्या हातात काही नव्हतं. मॅनेजर आमच्या आधी येऊन बसला होता. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, यंत्रात काय नोंदलं आहे. मी सांगितलं. खरं तेच सांगितलं, आणि सांगताना सारिकेकडे बघितलं नाही.

“म्हणजे पॅनेलवर माणूस असता तर पाइप वाचला असता?”

“बहुतेक वाचला असता,” मी म्हटलं. माझा स्वतःचा आवाज मला आवडला नाही.

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. अभिमन नाना होते. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, घामानं थबथबलेले. एसटी चुकली म्हणून अर्धी वाट कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर आले होते, हे नंतर कळलं.

“साहेब, मला बोलायचं आहे,” ते जपून जपून शुद्ध भाषेत म्हणाले.

मॅनेजर उभा राहिला. “नाना, तुमची ड्यूटी आहे आज.”

“शे. बुडाडी आज,” नाना म्हणाले आणि त्यांची शुद्ध भाषा तिथंच संपली. “साहेब, या पोरले मी उठाडं पॅनेलवरथून. ती पोटुशी शे हाई माले म्हाईत व्हतं. गिरान व्हतं. ती नको म्हने, मीच तिले बळे उठाडं. नंतर मी आंग धवाले गऊ. चूक मनी शे.”

सारिका एकदम म्हणाली, “नाना, नका!” विधीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “तुम्ही जुने फिटर. ग्रहणात यंत्राला हात लावल्यानं काही होतं असं तुम्हाला खरंच वाटतं?”

नानांनी टोपी काढून हातात घेतली.

“साहेब, मी बी शाळामा गयेल शे. गिरान म्हंजे सावलीना खेळ, माले म्हाईत शे. पन मनी बायको पहिलटकरीन व्हती, तवय केळीना बागमा पील कापाले जाये. झाडना बुडले फुटतस ना, ती. गिराननं दिन तिनी मुकादमले सांगं, आज माले कोयता धराले लावू नका. तो म्हने, गिरान काय तुन्हं एकलीनंच शे का? तिनी कापं. पोर उनी ती व्हट फाटेल. तवयपाइन सारा गाव तिलेच बोलस. मन्ही माय मरेपर्यंत बोलनी. मी बी…” ते थांबले. “तवय तिले कोनी ऊठ म्हनं नही, साहेब. म्हनीसन हिले मी म्हनं.”

मॅनेजरही काही बोलला नाही, आणि त्याबद्दल मी त्याला थोडे गुण देते.

त्यानंतरचं सगळं लवकर झालं. अधिकाऱ्यांनी सरळ विचारलं, तुमच्याच सुपरवायझरला माहीत होतं, तोच म्हणतो मी उठवलं, आता तुमचं म्हणणं काय? मॅनेजर फोन घेऊन बाहेर गेला. आत आला तेव्हा सारिकेला कामावर परत घ्यायला आणि बाळंतपणाची पगारी रजा द्यायला ठेकेदार तयार होता. ते लिहून झालं, सह्या झाल्या. जाता जाता मॅनेजर नानांना म्हणाला, “तुम्ही उद्यापासून येऊ नका. चौकशी होईल, मग बघू.” नानांनी मान हलवली. विधी त्याच्या मागे मागे जिन्यापर्यंत भांडत गेली आणि पुढची तारीख नानांचीच असेल असं बजावून आली. तिचं मला पहिल्यांदाच इतकं कौतुक वाटलं.

सारिका नानांच्या पाया पडायला वाकली तर ते ओरडले, “वाकू नको माय, पोट दाबाई जाई!” आणि दोघंही रडायला लागली. मीही रडले. मला लपवता येत नाही.

हेमांगी मात्र केव्हाची नानांकडे बघत होती. बाहेर उसाच्या रसाच्या गाड्याशी तिनं त्यांना गाठलं. या खेपेला तिच्या हातात प्रश्नावली नव्हती.

“नाना, एक सांगू? ओठ फाटलेलं मूल जन्माला येतं ना, त्याचा ग्रहणाशी काही संबंध नाही. कोयत्याशीही नाही. ओठ पोटात अगदी सुरुवातीलाच जुळायचा असतो, पुष्कळदा बाईला दिवस गेलेत हे कळायच्या आत. तुमच्या बायकोनं त्या दिवशी काहीही केलं असतं तरी ते तसंच झालं असतं. तिची यात काही चूक नाही.”

नाना पेला हातात धरून उभे राहिले. रसावर माशी येऊन बसली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“डॉक्टरबाई,” ते शेवटी म्हणाले, “हाई माले कसाले सांगतस? घर चला. तिले सांगा.”

आम्ही विधीच्या गाडीतून गेलो. सारिकाही आली, ऐकेना. नानांचं घर केळीच्या बागांच्या कडेला, पत्र्याचं, शेणानं सारवलेलं अंगण. दार त्यांच्या थोरल्या मुलीनं, ज्योतीनं उघडलं. वरच्या ओठावर शिवल्याची बारीक रेघ, बाकी हसरी, धिप्पाड बाई, कडेवर पोर. पोराचा ओठ मी बघितलाच. भोचकपणा कुठे जातो? ओठ छान होता.

नानांची बायको, भिकुबाई, आत चुलीशी होत्या. आमच्यासाठी त्यांनी कांबळं अंथरलं, पाणी दिलं, चार बायका आपल्या घरी का आल्या असाव्यात म्हणून नवऱ्याकडे बघितलं. नाना म्हणाले, “नोकरी गयी मनी. ते ऱ्हाऊ दे. हाई डॉक्टरीन तुले काय सांगस ते आयक.”

हेमांगीनं सांगितलं. गाड्याशी सांगितलं तेच, पण आणखी हळू आणि भिकुबाईंच्या शेजारी जमिनीवर बसून. भिकुबाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी ज्योतीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. उजवा तळवा उघडून बघितला, मिटला, पुन्हा उघडला.

“मी कापं म्हनीसन नही?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“गिराननं बी नही?”

“नाही, आई.”

“मंग कसामुये व्हयनं?”

मला वाटलं, आता हेमांगी मोठाली नावं सांगणार, रक्तातलं, आहारातलं, जीवनसत्त्वांचं. तिनं तसं केलं नाही. “ते नक्की कुणालाच सांगता येत नाही,” ती म्हणाली. “काही कारणं आम्हाला कळलीत, पण तुमच्या ज्योतीला का झालं, ते मला माहीत नाही. अजून शोधताहेत सगळे.”

भिकुबाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, विधीकडे बघितलं. त्या रडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. इतका जुना राग मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

“तुम्ही इतल्या शिकेल बाया,” त्या म्हणाल्या, “आनि तुम्हले बी म्हाईत नही. मंग मन्ही सासूले कसं काय म्हाईत व्हतं?”